वर्गणी, श्रमदान आणि जमाखर्च

राजापूर तालुक्यातल्या बहुतेक गावांच्या सभा दोन ठिकाणी भरतात. एक गावात, देवळाच्या सभामंडपात, शिमग्याला किंवा मे महिन्यात. दुसरी मुंबईत, लालबाग-परळच्या चाळीतल्या गावाच्या खोलीत, आणि आता नालासोपारा, दिवा, बदलापूर अशा ठिकाणी कुणाच्या तरी सोसायटीच्या गच्चीवर. गावातल्या सभेत काय हवं ते ठरतं: साकव, पाखाडी, शाळेचं छप्पर, विहिरीचा उपसा. मुंबईतल्या सभेत त्याला पैसा कुठून आणायचा ते ठरतं. मोठ्या शहरांत रोटरी आणि लायन्सचे क्लब जे काम करतात, ते इथे ग्रामविकास मंडळं, सेवा मंडळं, नवतरुण मंडळं करत आली आहेत. कोटावर लावायची पिन त्यांच्याकडे नसते, साप्ताहिक भोजन नसतं. नोंदणीचं प्रमाणपत्र, रबरी शिक्का, इतिवृत्ताची वही आणि पावतीपुस्तक एवढ्या सामानावर ती पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

पावतीपुस्तक सांभाळणाऱ्या माणसाबद्दल मुद्दाम लिहायला हवं, कारण कार्यक्रमाच्या शेवटी शाल-श्रीफळ मिळणाऱ्यांत तो क्वचितच असतो. अणुस्कुरा घाटाच्या बाजूच्या एका गावच्या मुंबई मंडळाचे असे एक खजिनदार आहेत. गोदीतली नोकरी संपून बरीच वर्षं झाली. गावात आणि मुंबईत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वर्गणी मागायला ते कुणाच्या घरी गेले की आधी चहा घेतात, गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांची चौकशी करतात, आणि पावती फाडण्याआधी एक प्रश्न न चुकता विचारतात: "कशासाठी देताय?" देवळासाठी, शाळेसाठी की पाण्यासाठी, जे उत्तर येईल ते पावतीवर लिहितात. समोरचा म्हणाला, "अण्णा, तुम्हाला वाटेल तिथे लावा," तर ते म्हणतात, "मला वाटून उपयोग नाही, तुम्ही सांगा." मंडळाच्या वहीत त्यामुळे एकच रक्कम दिसत नाही. निधी वेगवेगळे दिसतात, आणि एका निधीतले पैसे दुसऱ्याला वापरायचे झाले तर सभेपुढे विषय ठेवावा लागतो. बँकेत खातं एकच आहे, वहीत मात्र भिंती आहेत.

ही शिस्त वरवर किरकोळ वाटते, पण मंडळं मोडतात ती बहुतेक इथेच. पैसे कुणी खाल्ले म्हणून फुटलेली मंडळं थोडी. विहिरीसाठी दिलेले पैसे कमानीला लागले आणि कुणी विचारलं नाही, म्हणून पुढच्या वर्षी वर्गणी न देणारी घरं पुष्कळ.

घरोघरची वर्गणी हा मंडळाचा रोजचा भाकरतुकडा. मोठं काम काढायचं तर मुंबईत नमनाचा प्रयोग लावायचा, ही कोकणची जुनी रीत आहे. मृदुंग, गण, गवळण, संकासूर आणि शेवटी वगनाट्य अशी रात्रभराची करमणूक. नाहीतर शक्तीवाले आणि तुरेवाले शाहीर समोरासमोर आणायचे. कलाकार गावचेच. कुणी बेस्टमध्ये, कुणी कुरिअरच्या कंपनीत, कुणी हॉस्पिटलात वॉर्डबॉय. तालीम रविवारी. गावाहून मृदुंगवाला आणि बुजुर्ग गायक बोलवायचे, त्यांना कुणाच्या तरी घरी उतरवायचं.

या प्रयोगामागची मेहनत प्रेक्षकाला दिसत नाही. नाट्यगृहाची रविवारची तारीख मिळवणं ही पहिली लढाई. मग संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, पोलिसांचा परवाना, ध्वनिव्यवस्था, कपडेपट, रंगभूषाकार. त्यानंतर तिकिटं. ती खिडकीवर विकली जात नाहीत, माणसांमार्फत जातात. प्रत्येक वाडीच्या प्रतिनिधीला पुस्तक दिलं जातं, आणि प्रयोगाच्या आदल्या रात्रीपर्यंत न विकलेली तिकिटं, विकलेल्यांचे पैसे आणि "उद्या देतो" म्हणणाऱ्यांची नावं असा तिहेरी मेळ खजिनदार घालत बसतो. त्यातच स्मरणिका. गावचा किराणा दुकानदार, राजापूरचा हार्डवेअरवाला, डोंबिवलीचा बिल्डर आणि दोन्ही पक्षांचे पुढारी यांच्या शुभेच्छा जाहिराती गोळा करायच्या, फोटो उलटसुलट न होता छापायच्या, आणि छापून झाल्यावर ज्याची जाहिरात मागच्या पानावर गेली त्याची समजूत काढायची. अण्णांचा अनुभव असा, की तिकिटांनी नाट्यगृहाचं भाडं आणि कलाकारांचा प्रवास निघतो. कामाला पैसा उरतो तो स्मरणिकेतून. म्हणून प्रयोगाच्या रात्री सगळे रंगमंचाकडे बघत असतात तेव्हा ते बाहेर टेबलापाशी बसून जाहिरातींच्या येण्याची यादी तपासत असतात. स्वतःच्या गावचं नमन त्यांनी पूर्ण बसून क्वचितच पाहिलं असेल.

हे प्रयोग कुठे होत, याला स्वतःचा इतिहास आहे. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने असं काम लीगने उभं केलं, आणि १९२२ मध्ये परळला दामोदर हॉल बांधला. पुढे तेच दामोदर नाट्यगृह. कामगार रंगभूमी तिथे वाढली, आणि रत्नागिरीच्या कितीतरी गावांच्या पाखाड्या, शाळाखोल्या आणि विहिरी त्या रंगमंचावर झालेल्या नमनांच्या आणि शक्ती-तुऱ्यांच्या पैशातून बांधल्या गेल्या. एका सेवाभावी संस्थेने उभारलेल्या सभागृहाने शेकडो लहान संस्थांना पैसा उभा करायची जागा दिली. सेवा संस्था दुसऱ्या सेवा संस्थांसाठी काय करू शकते याचं याहून चांगलं उदाहरण मुंबईत शोधून सापडायचं नाही. पुनर्विकासासाठी नोव्हेंबर २०२३ पासून हे नाट्यगृह बंद झालं. दादर, बोरिवली, मुलुंडला नाट्यगृहं आहेत, पण परळला उतरून पायी जायची सोय गेली आणि गिरणगावाला परवडणारं भाडंही गेलं. लहान मंडळांनी आता शाळांच्या सभागृहांकडे वळायला सुरुवात केली आहे. नवं दामोदर उभं राहील तेव्हा त्याचं भाडं या मंडळांना परवडेल असंच ठेवलं पाहिजे.

गावाच्या खोलीलाही असाच इतिहास आहे. गिरणीत लागलेल्या तरुणांना राहायला गावाने वर्गणी काढून एक खोली घ्यायची, पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि पगाराच्या दिवशी दोन पैसे मंडळाच्या डब्यात टाकायचे. गावाकडची मनिऑर्डर आणि मंडळाची वर्गणी एकाच पगारातून निघे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. ज्यांचा पगार थांबला त्यांची वर्गणीही थांबली. त्या वर्षांतली इतिवृत्तं जुन्या मंडळांनी जपली असतील तर एकदा वाचावीत. गणसंख्येअभावी सभा तहकूब, येणे बाकी, येणे बाकी, येणे बाकी. तरीही पुष्कळ मंडळं टिकली, कारण खोली होती आणि वही होती.

वर्गणीतून काही उभारण्याची ही सवय महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना मांडली, टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. राजापूरच्याच जिल्ह्यातल्या संगमेश्वरात आजही पैसा फंड नावाची शाळा आहे. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी बायका दळणातली मूठभर धान्याची वेगळी पुडी काढत. देवरुखला इंदिराबाई हळबे, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, यांनी १९५४ मध्ये मातृमंदिर सुरू केलं, ते खेड्यातल्या बायकांच्या बाळंतपणाच्या काळजीतून. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. देणाऱ्याला काम डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि देणं इतकं लहान होतं की नाही म्हणायला कारण उरत नव्हतं.

मे महिन्यातली वार्षिक सभा हा खजिनदाराचा परीक्षेचा दिवस. अण्णांच्या गावात जमाखर्च वाचून दाखवायची पद्धत आहे, छापील कागद वाटून मोकळं व्हायची नाही. सभामंडपात पुरुष पुढे, बायका खांबांच्या मागे, पोरं पायऱ्यांवर. एकेक नाव आणि एकेक रक्कम वाचली जाते. एक्कावन्न रुपये देणारी म्हातारी आपलं नाव येईपर्यंत हलत नाही, आणि ते आल्यावर शेजारणीकडे बघते. मग खर्च. एकदा एका तरुणाने उभं राहून विचारलं, "अण्णा, टेम्पोचं भाडं गेल्या वर्षीपेक्षा इतकं जास्त का?" अण्णांनी चष्मा सारखा केला, फाइलमधून बिल काढलं आणि त्याच्याच हातात दिलं: "वाचून दाखव सगळ्यांना." सिमेंट दोन खेपांत आलं होतं, कारण पहिल्या वेळी साकवापर्यंत टेम्पो पोचला नव्हता. तरुण खाली बसला. पुढच्या वर्षी अण्णांनी त्याचंच नाव हिशेब तपासनीस म्हणून सुचवलं. प्रश्न विचारणाऱ्याला कामात ओढून घेणं ही कला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत, आणि मंडळाचा पुढचा खजिनदार तयार होतो तो असाच.

कायद्याचं बघणंही त्यांच्याकडेच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. नोंदणीकृत मंडळाला दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज दाखल करावा लागतो. नोंदणी नसलेल्यांना सणासुदीची वर्गणी काढायला कलम ४१-क खाली परवानगी घ्यावी लागते. देणगीदाराला आयकरात ८०-जी ची सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. अनेक मंडळांची दप्तरं बदल अर्ज न दिल्यामुळे अडकून पडली आहेत. कागदावर अजून स्वर्गवासी झालेले अध्यक्षच अध्यक्ष असतात, आणि बँक नव्या सह्या घेत नाही. समाजकार्य करायला आलेल्या उत्साही मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. पण खातं गोठलं की साकव होत नाही.

पैसा कुठे लावायचा, हा खरा वादाचा मुद्दा. देऊळ, कमान, सभामंडपाच्या फरशा यांना पैसा सहज मिळतो. त्यावर नाव कोरता येतं, उद्घाटन करता येतं, पाहुणे बोलावता येतात. श्रद्धेचा मान ठेवूनही सांगायला हवं की गावांची अडचण दुसरीकडे आहे. या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे मध्ये कातळावरच्या वाड्या टँकरची वाट बघतात. जांभ्या दगडातून पाणी झिरपून समुद्राकडे निघून जातं. नळयोजना झाल्या. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट ठेवलं, आणि योजना चालवण्याची, दुरुस्तीची जबाबदारी गावाच्या पाणी समितीवर टाकली. नेमकी इथे गाडी अडते. पंप जळला, वीजबिल थकलं, पावसात दरड आली आणि पाइप तुटला, तर त्या खर्चाला देणगीदार मिळत नाही. जळालेल्या पंपाचं वाइंडिंग करून आणलं याचा फलक कोण लावणार?

अण्णांच्या मंडळाने काही वर्षांपूर्वी यावर एक साधा ठराव केला. कुठल्याही नव्या बांधकामासाठी जमा होणाऱ्या रकमेतला काही हिस्सा आधी बाजूला काढायचा आणि तो फक्त पाणी, वीज, दुरुस्ती यांवर खर्चायचा. ठरावाला विरोध झाला. देवाच्या पैशाला हात लावू नका, असं ज्येष्ठ मंडळी म्हणाली. शेवटी तोड निघाली ती अशी: देऊळनिधीला हात लावायचा नाही, पण देऊळनिधीला देणाऱ्याने दुरुस्ती निधीलाही, निदान थोडं, दिलंच पाहिजे. एकाच वेळी दोन पावत्या. ही पद्धत तालुक्यातल्या प्रत्येक मंडळाने उचलावी अशी आहे.

रोटरीच्या कामाचं सगळ्यात मोठं यशही अशा न दिसणाऱ्या, कंटाळवाण्या खर्चाचं आहे. १९८५ मध्ये रोटरीने जगातून पोलिओ घालवायचा संकल्प केला. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ लसीच्या शीतपेट्या, बोटावरची शाई, रविवारचे बूथ आणि घरोघर पुन्हा पुन्हा जाणं. पहिल्या वर्षाच्या उत्साहावर हे झालं नसतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, गोवा आणि उत्तर कर्नाटकाचा काही भाग रोटरीच्या ३१७० या प्रांतात येतो, आणि या भागातल्या क्लबांनीही त्या बूथवर माणसं बसवली. गावमंडळांनी रोटरीकडून काही घ्यायचं तर ती एकच काम शेवटापर्यंत धरून ठेवायची चिकाटी घ्यावी.

राजापूर शहराची गोष्ट थोडी वेगळी. इथे वर्गणीचा आणि श्रमाचा विषय दर पावसाळ्यात दारात येऊन उभा राहतो. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या काठी वसलेलं हे गाव एकेकाळी बंदर होतं. १६४९ मध्ये इंग्रजांनी इथे वखार घातली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. गलबतं येत तो खाडीचा मार्ग गाळाने भरत गेला आणि बंदर मिटलं. तोच गाळ आता पूर आणतो. जवाहर चौकात पाणी शिरू लागलं की नगर परिषदेचा भोंगा वाजतो, व्यापारी माल वरच्या माळ्यावर चढवू लागतात, शीळकडे जाणारा रस्ता बंद होतो, कोंढेतडचा पूल पाण्याखाली जायच्या बेतात येतो. अशा वेळी कुठलं मंडळ, कुठला पक्ष, कुठली आळी असा प्रश्न येत नाही. दुकानाच्या फळ्या काढायला, पोती उचलायला, म्हाताऱ्यांना बाहेर काढायला हाताशी असेल तो धावतो. पाणी ओसरल्यावर चिखल काढणं त्याहून कठीण, आणि तेव्हा मदतीचे हात निम्म्यावर येतात.

गाळ काढायचं काम मात्र हातांनी होण्यासारखं नाही. चिपळूणकरांनी ते दाखवून दिलं. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर तिथे चिपळूण बचाव समितीने उपोषण आरंभलं, आणि वाशिष्ठी नदीचा गाळ काढण्याच्या कामाला वेग आला. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये स्थापन केलेल्या नाम फाउंडेशनची यंत्रं तिथेही होती आणि नंतर राजापूरच्या नद्यांतही उतरली. या कामाची रीत अशी की यंत्र संस्थेचं आणि डिझेल इतरांनी मिळवायचं. पोकलेनचा फोटो वर्तमानपत्रात येतो. डिझेलचा हिशेब मात्र कुणाला तरी रोज संध्याकाळी लिहावा लागतो. काढलेला गाळ टाकायचा कुठे हा प्रश्नही यंत्राने सुटत नाही. तो काठावरच राहिला तर पहिल्याच मोठ्या पावसात परत नदीत जातो. गाळ उपशाचं यश किती डंपर भरले यावर मोजण्याऐवजी किती गाळ नदीपासून दूर गेला यावर मोजलं पाहिजे.

पैशाशिवाय होणारी कामंही तितकीच मोलाची आहेत. वनराई बंधारा घ्या. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा हा बंधारा म्हणजे सिमेंटची नाहीतर खताची रिकामी पोती, त्यात माती-वाळू, आणि पऱ्याच्या वाहत्या पाण्यात एकावर एक रचलेली ओळ. पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो घालायचा. आसपासच्या विहिरींना पाणी टिकतं, गुरांना प्यायला मिळतं, परसातल्या भाजीला आणि पावट्याला ओलावा मिळतो. पुढच्या पावसात तो वाहून जातो आणि पुन्हा घालावा लागतो. पण नोव्हेंबरात चाकरमानी मुंबईत असतो. बंधारा घालतात त्या बचत गटातल्या बायका, शाळेतली मुलं आणि ग्रामपंचायतीचे दोन-चार कर्मचारी.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. गावं बायकांच्या जिवावर चालतात, श्रमदान बायका करतात, पाणी बायका भरतात, आणि मंडळाच्या कार्यकारिणीच्या यादीत त्यांची नावं सापडत नाहीत. अण्णांच्या गावात पाणी समितीचा हिशेब एका अंगणवाडी सेविकेकडे दिला तेव्हा कुजबुज झाली होती. दुसऱ्या वर्षी पाणीपट्टीची वसुली वाढली. कुणाच्या घरात खरोखर अडचण आहे आणि कोण नुसतं टाळतंय, हे तिला माहीत होतं. मुंबईच्या मंडळाने कितीही पैसा पाठवला तरी ही माहिती त्याच्याकडे नसते.

रक्तदान शिबिरांबद्दलही असाच विचार व्हायला हवा. राजापुरात ग्रामीण रुग्णालय आहे, पण मोठ्या शस्त्रक्रियेला किंवा महामार्गावरच्या अपघाताला रक्त लागलं की रत्नागिरीकडे धाव घ्यावी लागते. रक्त साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतं, प्लेटलेट पाचच दिवस. पुरुषाने एकदा दिलं की तीन महिने, स्त्रीने दिलं की चार महिने थांबायचं. शिबिरं मात्र २६ जानेवारी, शिवजयंती आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस अशा ठरावीक दिवशी एकत्र येतात. त्या आठवड्यात पिशव्या भरपूर, आणि मे महिन्यात, महाविद्यालयं बंद असताना, चणचण. खरं तर मे महिन्यात गावागावांत तरणीताठी मुलं सुट्टीला आलेली असतात. वार्षिक सभेच्याच दिवशी सकाळी शिबिर घेतलं तर मंडळाला वेगळा खर्चही पडत नाही. रक्तपेढीशी आधी बोलून तारीख ठरवायची, एवढंच काम.

राजापुरातल्या स्वयंसेवेचं आणखी एक रूप सड्यावर बघायला मिळतं. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी स्वतःचा वेळ आणि पदरचा पैसा घालून कातळशिल्पं शोधत हिंडले. कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसू आणि देवाचे गोठणे इथली चित्रं त्या पायपिटीतून जगासमोर आली, आणि २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. या कामाला ना तिकीट होतं ना स्मरणिका. गुराख्यांना विचारत जाणं, जमीनमालकाला समजावणं, शिल्पाभोवती दगडांचा गडगा घालणं, मोजमाप लिहून ठेवणं, हेच काम. गावमंडळांनी यात उतरायला भरपूर वाव आहे, कारण सडा त्यांच्याच हद्दीत आहे.

नव्या पिढीबद्दल तक्रार करायची सवय जुन्यांना असते. अण्णा ती करत नाहीत. गावाची खोली विकली गेली, मुलं विरार-बदलापूरला पांगली, रविवारी सभेला येत नाहीत हे खरं. पण तीच मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर विहिरीचा फोटो टाकल्यावर रात्रीतून पैसे पाठवतात. यूपीआयमुळे दुबईत असलेल्या घरच्यांकडूनही हप्ता येतो. अडचण वेगळीच आहे. फोनवरून आलेल्या पैशाबरोबर माणूस येत नाही, आणि "कशासाठी देताय?" हा प्रश्न विचारायला समोर कुणी नसतं. त्यावर त्या हिशेब तपासनीस झालेल्या तरुणाने तोड काढली. प्रत्येक निधीसाठी वेगळा संदेश, पैसे पाठवताना निधीचं नाव लिहिणं सक्तीचं, आणि महिन्याच्या शेवटी जमाखर्चाचा फोटो सगळ्यांना. अण्णांनी वही चालूच ठेवली आहे. दोन्हीचा मेळ बसला की ते वहीवर सही करतात.

ज्यांचं गाव राजापुरात आहे, किंवा दुसऱ्या कुठल्याही तालुक्यात, त्यांनी या मे महिन्यात सभेला जरूर बसावं. जमाखर्च पूर्ण ऐकावा. समजलं नाही ते उभं राहून विचारावं. पाणी समितीत आणि कार्यकारिणीत बायकांची नावं सुचवावीत. आणि खजिनदार पावतीपुस्तक घेऊन आला की देवळाच्या पावतीबरोबर पंपाच्या दुरुस्तीची दुसरी पावतीही फाडून घ्यावी.